लिफ्ट वीतभर खाली का थांबली, याचा काकांना सविस्तर खुलासा

तीर्थरूप काकांना बारकीचा वाकून नमस्कार.

(खरं म्हणजे खुर्चीत बसून. पण तुमची सगळी नोकरी दुकानदारांच्या तराजूंमधली खोट पकडण्यात गेली, तेव्हा तुमच्याशी पहिल्याच ओळीत खोटं माप नको.)

हात कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली की तुम्ही काकूची विणकामाची सुई आत घालता, आणि मग काकूला ती सुई सापडली नाही की तुम्हीच घर डोक्यावर घेता, अशी बातमी माझ्यापर्यंत आली आहे. असं करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं तुम्ही ऐकलं नाहीत, तेव्हा माझं ऐकाल अशी आशा नाही. फक्त नोंद म्हणून लिहिते. चष्मेवाला अजूनही "उद्या देतो" म्हणतोय असंही कळलं. म्हणजे हे पत्र काकूच वाचून दाखवणार. काकू, कंसातला मजकूरही वाच. नाहीतर काका तुला मध्येच अडवून "कंसात काय होतं?" असं विचारतील आणि तुझा चहा गार होईल.

सगळं फोनवर सांगून झालं असतं. पण फोनवरचं बोलणं हा पुरावा नव्हे, काय असेल ते लेखी पाठव, असं तुम्ही म्हणालात. तुमचं म्हणणं रास्त आहे, म्हणून लेखी.

आधी प्रकरण काय ते मांडते, म्हणजे निदान तेवढ्यावर तरी आपला वाद नको. तुम्ही तुमच्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडत होता. लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली होती. तुम्ही नेहमीप्रमाणे समोर बघत चालत होता (खाली बघून चालणारी माणसं तुम्हाला संशयास्पद वाटतात, हे आम्हा मुलांना फार पूर्वीपासून माहीत आहे), पाय अडखळला, आणि मनगट आणि चष्मा दोन्ही एकदमच गेले. आदल्याच दिवशी लिफ्टचा मिस्त्री येऊन तेलपाणी करून गेला होता. तुमचं प्लास्टर पुरतं वाळलंही नव्हतं, तोच तुम्ही काकूला तक्रार सांगायला बसलात: दोष मिस्त्रीचा, त्याला ताबडतोब काढा, कोणाचीही गय नको. आणि शेवटच्या ओळीत, मला एका शब्दाने न विचारता, हेही घातलंत की माझी पुतणी अशाच चुका पकडण्याच्या धंद्यात आहे, तिच्याकडून तपासणी करून घ्या म्हणजे माझं म्हणणं सिद्ध होईल. काका, लिफ्टच्या कंपनीने तुमची पहिली ओळही मानली आणि शेवटचीही. मिस्त्रीला घरी बसवलं आणि मला कामाला लावलं. त्याला कायमचं काढायचं की परत घ्यायचं, ते येत्या सोमवारच्या बैठकीत ठरायचं आहे. त्याचं वय असं आहे की इथून निघाला तर दुसरं कोणी दारात उभं करणार नाही, आणि निवृत्त व्हायचं म्हटलं तर अजून अवकाश आहे.

आता माझा धंदा. तुम्ही तो चारचौघांत "कॉम्प्युटर दुरुस्ती" असा सांगता. मी कधी खोडून काढलं नाही, पण आता सगळंच लेखी चाललंय तर हेही होऊन जाऊ दे. प्रोग्राम माणूस लिहितो. यंत्राला माणसाचं लिहिणं कळत नाही, म्हणून मध्ये कंपायलर नावाचा दुसरा एक प्रोग्राम लागतो. तो पहिल्याचं रूपांतर यंत्राला कळेल अशा सूचनांत करतो. यंत्राची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब रांग समजा. प्रोग्राम आपल्या चीजवस्तू या खणांत ठेवतो. भानगड अशी की एखाद्याने आपले खण सोडून शेजारच्यात हात घातला, तरी यंत्र हूं की चूं करत नाही. शेजारी कोणाचं काही ठेवलेलं असलं तर ते बिघडतं, नसलं तर कोणाला पत्ताही लागत नाही. आम्ही काय करतो, तर कंपायलर ते रूपांतर करत असतानाच त्याच्याकडून जागोजागी रखवालदार पेरून घेतो. कुठलाही खण उघडण्याआधी रखवालदार आपल्या नोंदी बघतो: हा खण याने उघडायचा का? शिवाय दोन वस्तूंच्या मध्ये आम्ही मुद्दाम काही खण कुलूपबंद ठेवतो. त्यांना कोणाचा हात लागला की रखवालदार बोंब मारतो आणि सगळं जिथल्या तिथे थांबवतो. (तुम्ही दुकानात शिरून तराजू तपासायचात. आम्ही तराजूच्या कारखान्यातच शिरून प्रत्येक तराजूत एकेक निरीक्षक बसवून देतो. याहून सोपं करून मला सांगता येत नाही, आणि काकू, तू जांभई दिलीस हे मला इथे दिसलं.)

हा रखवालदार आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झकास चालतो. लिफ्टच्या बोर्डावर, म्हणजे मशीनच्या खोलीतल्या त्या राखाडी पेटीत जे कार्ड असतं त्यावर, तो चालत नव्हता, कारण ते यंत्रच वेगळ्या जातीचं. मग लिफ्टचाच प्रोग्राम आमच्या कॉम्प्युटरवर आणून तपासावा म्हटलं, तर तो तिथे चालेना. त्याला मोटर लागते, दार लागतं, मजले लागतात, आणि आमच्या टेबलावर यातलं काहीच नाही. तेव्हा रखवालदारालाच तिकडे नेणं भाग होतं. आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, नुसता तिकडे नेऊ नकोस, असा कर की उद्या कुठल्याही यंत्रावर नेता आला पाहिजे. वरिष्ठांना उद्या फार लांबवरचा दिसतो, आणि तो दिसला की आमच्या आजच्या कामाचं ओझं दुप्पट होतं.

हा रखवालदार मुळात ज्याने लिहिला तो माणूस नोकरी सोडून गेला आणि हल्ली मधमाश्या पाळतो असं कळलं. माणूस हुशार होता, यात वाद नाही. पण त्याच्या आयुष्यात यंत्र एकच, त्याच्या टेबलावरचं. त्यामुळे जगातली सगळी यंत्रं तशीच असणार असं धरून त्याने सगळी रचना केलेली. रखवालदाराला नोंदी ठेवायला जागा लागते, ती त्याने एका ठराविक क्रमांकाच्या खणापासून पुढे ठेवली, कारण त्याच्या यंत्रात तिथे सगळं ओसाड माळरान होतं. बरं, तो क्रमांक एका जागी लिहून ठेवावा, तर तेही नाही. सुचेल तिथे, येता-जाता, लिहून टाकलेला. मी बसून यंत्रागणिक बदलणाऱ्या अशा गोष्टी शोधून काढल्या आणि सगळ्या उचलून एका फाइलीत आणल्या, म्हणजे नवीन यंत्र आलं की तेवढी एकच फाइल नव्याने लिहायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. हे काम ऐकायला किरकोळ वाटतं. करताना नाकी नऊ आले, आणि घरी कोणाला सांगावं तर "म्हणजे आवराआवर केलीस," एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोन मजल्यांची एक सरावाची लिफ्ट आहे. बाकीचे मजले बटणांच्या एका पाटीवर खोटे-खोटे दाखवता येतात. तिथे मी रोज जायला लागले, तर माझ्याआधी तो मिस्त्री हजर. घरी बसवलेल्या माणसाने खरं तर तिकडे फिरकायचं नसतं, पण तो डबा घेऊन यायचा, स्टुलावर बसायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. त्याला हाकलावं असं कोणाच्याच मनात आलं नाही. काका, तुमच्या तक्रारीत तुम्ही त्याला "घुम्या आणि बेफिकीर" म्हटलंय. बेफिकीर असेल-नसेल, पण घुमा? त्या माणसाचं तोंड एक क्षण बंद नसतं. लिफ्ट वीतभर खाली का थांबली याचं कारण त्याला पहिल्या दिवशी व्होल्टेज वाटत होतं, दुसऱ्या दिवशी ओल, मग उंदीर, मग परत व्होल्टेज. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे, कारण नाही म्हटलं की तो पुरावा द्यायला उठायचा.

पहिल्यांदा रखवालदार बोर्डावर चढवून मी बटण दाबलं. प्रोग्राम सुरू होण्याआधी रखवालदार आपल्या नोंदींची जागा झाडून-पुसून घेतो. त्याने झाडायला सुरुवात केली मात्र, आणि लिफ्टचं दार उघडलं. मग मिटलं. मग उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं, आणि इतक्या वेगात की बघणाऱ्याला वाटावं दाराला हुडहुडी भरली आहे. मिस्त्री त्या वेळी हत्यारांची पिशवी घेऊन नेमका उंबरठ्यावर उभा होता. त्याने पिशवी आत टाकली आणि स्वतः बाहेर उडी मारली. पिशवीचा पट्टा दारात सापडला तो सुटेना. मी मेन स्विच बंद केला तेव्हा कुठे शांतता झाली. मिस्त्रीची पाचावर धारण बसली होती, तरी पहिला शब्द उच्चारला तो "व्होल्टेज!" हाच. तर कारण असं: लिफ्टच्या बोर्डावर सगळेच खण मेमरीचे नसतात. काही क्रमांक सरळ मोटरला, दिव्यांना, दाराला जोडलेले असतात. त्या खणात काही लिहिलं की दार हलतं. मधमाशीवाल्याच्या यंत्रात जिथे माळरान होतं, तिथे या बोर्डावर दाराची मोटर होती, आणि माझा रखवालदार आपल्या नोंदी दारावर लिहीत होता. परक्या खणात हात घालणाऱ्यांना पकडायला पाठवलेला प्राणी स्वतःच पहिला घुसखोर निघाला. मी नवीन फाइल लिहिली खरी, पण हा क्रमांक मात्र जुन्यातून जशाचा तसा उतरवून घेतला होता. (वरिष्ठ बाईंना हे मी "नोंदींची जागा बदलावी लागली" असं कळवलं. तुम्हाला मात्र सगळं खरं सांगितलं, हे ध्यानात असू द्या.)

नोंदींची जागा हलवली, तर दुसरा पेच. बोर्ड केवढंसं, मेमरी केवढीशी. लिफ्टचा प्रोग्राम, वर माझ्या नोंदी, वर मधले कुलूपबंद खण, सगळं मिळून त्यात मावेना. शेवटी कंपनीच्या गोदामातून त्याच जातीचं पण जास्त मेमरीचं एक बोर्ड निघालं, त्यावर निभावलं. मग तिसरा. आमच्या कॉम्प्युटरवर रखवालदार चूक पकडतो तेव्हा पडद्यावर सविस्तर लिहून दाखवतो. लिफ्टला पडदा कुठला? दारावर मजल्याचा आकडा दाखवणारा दिवा असतो तेवढाच, त्यात जेमतेम दोन अंक बसतात. मग ठरवलं की चूक सापडली की ज्या खणात ती झाली त्याचा क्रमांक रखवालदाराने त्या दिव्यावर दोन-दोन अंकांनी दाखवावा. मिस्त्रीने तो मोठ्याने वाचायचा आणि मी लिहून घ्यायचा. मिस्त्रीला हे काम इतकं आवडलं की तो प्रत्येक आकड्याआधी "मजला क्रमांक" असं म्हणायला लागला. दोन मजल्यांच्या त्या लिफ्टमध्ये "मजला क्रमांक चौऱ्याऐंशी" ऐकून वर्कशॉपमधली माणसं कामं टाकून बघायला यायची.

आणि एके दिवशी सकाळीच, मजल्यांची बटणं उलटीसुलटी दाबून बघत असताना, रखवालदाराने खरोखरच बोंब मारली. लिफ्ट जागच्या जागी थांबली, दिव्यावर आकडे आले, मिस्त्रीने वाचले, मी जोडले. खण निघाला धोक्याच्या घंटेचा. मिस्त्रीला आनंद कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं, कारण घंटेवर त्याचा जुना दात होता. त्याने मी काही म्हणायच्या आत पाना काढला आणि ती घंटा नटबोल्टसकट सोडवून टेबलावर मांडली. मी दुपारपर्यंत घंटेचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. त्यात काही म्हणजे काही चूक नव्हती. मग कपाळावर हात मारून घेतला. मोठा आकडा खणांत ठेवताना काही यंत्रं तो डोक्याकडून ठेवतात आणि काही शेपटीकडून; मधमाशीवाल्याचं यंत्र एका पंथाचं आणि हे बोर्ड दुसऱ्या. दिवा आम्हाला क्रमांक उलटा दाखवत होता. जोड्या सरळ लावल्यावर घंटेचा काही संबंध राहिला नाही. मिस्त्रीने घंटा परत बसवली, पण तिला निर्दोष मानायला तो अजून तयार नाही. (त्याच्याबद्दलही कोणीतरी असंच ठरवून बसलंय, हे मला त्या वेळी आठवलं. तुम्हालाही आठवावं म्हणून लिहिलं.)

आता मूळ मुद्दा. काकू, चहा झाला असला तर हे जरा सावकाश वाच.

लिफ्टच्या प्रोग्रामात एक रांग आहे. प्रत्येक मजल्याला एक खण. कोणी त्या मजल्याचं बटण दाबलं की त्याच्या खणात खूण होते, लिफ्ट तिथे जाऊन आली की खूण पुसते. तळमजल्याचा खण पहिला, तिथून रांग सुरू. प्रोग्राम लिहिला तेव्हा तळमजल्याच्या खाली काही नव्हतं. पुढे तुमच्या इमारतीत खाली गाड्या ठेवायला जागा खोदली, लिफ्ट तिथपर्यंत नेली, नवीन बटण बसवलं. ते बटण दाबलं की प्रोग्राम तळमजल्याच्या खाली एक खण मोजतो. तिथे रांगेचा खणच नाही. तो रांगेच्या बाहेर, अलीकडच्या खणात जाऊन खूण करतो. तरी बरीच वर्षं काही झालं नाही, कारण जुन्या बोर्डावर तो अलीकडचा खण रिकामा होता. मागे ते जुनं बोर्ड जळालं, कंपनीने नवीन जातीचं बसवलं, आणि प्रोग्राम तोच ठेवून फक्त नवीन बोर्डासाठी कंपायलरमधून पुन्हा काढला. नव्या बोर्डावर खणांची मांडणी बदलली. रांगेच्या अलीकडे आता एक आकडा येऊन बसला: मजल्याशी आल्यावर लिफ्टने नेमकं किती सरकून थांबायचं, त्याचा आकडा. म्हणजे कोणी खालच्या गाडीतळाचं बटण दाबून वाट बघत असेल, तर तेवढा वेळ तो आकडा बिघडलेला, आणि तेवढ्यात जो कोणी आपल्या मजल्यावर उतरेल, त्याला लिफ्ट वीतभर खाली मिळणार. त्या दिवशी ते तुम्ही होता. आम्ही वर्कशॉपमध्ये ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी वीतभर खाली. मिस्त्रीने पट्टी लावून मोजलं आणि मग पट्टी हातात धरून तसाच खाली बसला. मला वाटलं आता व्होल्टेज म्हणणार. पण तो म्हणाला, "ताई, म्हणजे मी नाही ना?" मी नाही म्हटलं. त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. काका, मला त्या वेळी तुमचा रागच आला होता, तो इथे लिहून टाकते म्हणजे मनात राहणार नाही.

(ज्या शेजाऱ्यांनी त्या दिवशी गाडीतळाचं बटण दाबलं असेल त्यांच्यावर तक्रार लिहू नये. बटण दाबण्यासाठीच असतं.)

आता तुम्ही विचारणार की मिस्त्री नाही तर मग कोण, आणि त्याचं नाव काय. प्रोग्रामच्या फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, तसं इथेही होतं. ते मी या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर पुढचा मजकूर ऐकायच्या आत तुम्ही काकूला कोरा कागद आणायला पाठवाल. मी त्या माणसाला फोन केला. तो आता दुसरीकडे चांगल्या जागी आहे आणि त्याला त्याच्या खात्याचा प्रमुख करायचं घाटतंय. मी सगळं सांगितलं. त्याने वर्कशॉपचा पत्ता विचारून घेतला. मग तो एवढंच म्हणाला की मी येतो. दुसऱ्या दिवशी रजा काढून वर्कशॉपमध्ये आला, स्वतः बटण दाबून बघितलं, लिफ्ट वीतभर खाली गेली तशी तो तिथेच त्या पायरीकडे बघत उभा राहिला.

त्याला पळवाटा हव्या तेवढ्या होत्या, काका. तळमजल्याच्या खाली कोणी खोदेल हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बटण नंतर दुसऱ्यांनीच जोडलं. बोर्ड तिसऱ्यांनीच बदललं, आणि बदलताना प्रोग्राम उघडूनही बघितला नाही. मीच त्याला यातली प्रत्येक पळवाट समोर ठेवून दाखवली, कारण माझ्या रखवालदाराने दाराचं काय केलं होतं ते मी विसरले नव्हते. तो म्हणाला, आलेला आकडा रांगेत बसतो की नाही हे बघायला एक ओळ पुरली असती, ती मी लिहिली नाही. आणि तिथेच बसून त्याने कंपनीला सहीनिशी लिहून दिलं: चूक माझ्या प्रोग्रामातली आहे, मिस्त्रीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. हे कागदपत्र त्याच्या सध्याच्या ऑफिसपर्यंत जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. प्रमुखपदाचं काय होईल ते होईल म्हणाला. मिस्त्री आता त्याची गचांडी धरतो की काय या भीतीने मी मध्ये उभी होते. पण मिस्त्रीने त्याला आपल्या स्टुलावर बसवलं, डब्यातलं अर्धं खायला लावलं, आणि यात व्होल्टेजचाही थोडाफार हात असेल का, असं विचारलं. तो असेल म्हणाला. मला वाटतं त्या दिवशी तेवढं एकच खोटं तो बोलला.

तुम्हाला भेटून माफी मागायची त्याची फार इच्छा आहे. पण तुमच्या तक्रारी त्याने सगळ्या वाचल्या आहेत, त्यामुळे पाय उचलत नाही. "दोषी कोणीही असो, त्याला पुन्हा कामाला हात लावू देऊ नये" हे तुमचं वाक्य त्याला पाठ आहे. मी त्याला सांगितलं की काकांनी जन्मभर मापात खोट असलेले दुकानदार पकडले, पण ज्याने आपणहून तराजू पुढे करून "साहेब, हा चुकतोय" म्हटलं, अशा दुकानदाराला त्यांनी कधी दंड केल्याचं मला आठवत नाही. मला आठवत नाही हे खरं आहे. असा दुकानदार तुम्हाला भेटला होता की नव्हता, हे तुम्हालाच माहीत.

बाकी इकडे सगळं ठीक. रखवालदार आता तीन जातींच्या यंत्रांवर चालतो आणि वरिष्ठ बाई चौथ्याबद्दल बोलू लागल्या आहेत. हाताला जपा. सुई आत घालू नका. काकूला नमस्कार, आणि एवढं सगळं वाचून दाखवल्याबद्दल तिचे आभार मानायला विसरू नका, तुम्ही विसरता.

तुमची,
बारकी

ता. क. मिस्त्रीवरची तक्रार मागे घेतल्याचं एका ओळीचं पत्र सोमवारच्या बैठकीआधी कंपनीत पोचायला हवं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने लिहून दिलंय, पण तक्रार तुमची आहे, ती तुम्हीच मागे घेतली तर त्याला त्याच दिवशी कामावर घेतील. डाव्या हाताची सही चालते, मी विचारून घेतलंय. तुमची तक्रार आजवर एकदाही मागे गेलेली नाही हे मला माहीत आहे. ही पहिली असू द्या.

ता. क. २. गाडीतळाचं बटण कंपनीने काढून ठेवलं आहे, प्रोग्राम दुरुस्त होऊन येईपर्यंत. तोवर लिफ्ट बिनधास्त वापरा. तरी उतरताना खाली बघा.

ता. क. ३. काकू, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. काकांनी विचारलंच तर बारकीने स्वेटरच्या बाह्यांचे टाके विचारलेत असं सांग.

काकू, तो प्रोग्राम आपल्या दादाने, तुझ्याच लेकाने लिहिलाय. पहिल्या नोकरीत, त्या लहानशा कंपनीत, जी पुढे विकली गेली. नंतर तिचं नाव बदललं, बोर्ड बदललं, आणि दर रविवारी तो त्याच लिफ्टने तुमच्याकडे जेवायला येत राहिला. ती आपल्याच प्रोग्रामवर चालते हे त्यालाही माहीत नव्हतं. फाइलीवर त्याचं नाव बघितलं तेव्हा मी ती बंद करून पुन्हा उघडली. गेल्या रविवारी तो आला नाही ते काम होतं म्हणून नव्हे. वडिलांना तोंड कसं दाखवू म्हणत माझ्याकडे बसून होता, जेवलाही नाही. मी एवढं लांबण लावलं ते काकांचा राग आधी बिननावाच्या माणसावर निघून जावा म्हणून. नाव कळेपर्यंत थोडा तरी कमी झाला असेल.

पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलं असशील. दादानेच ते दाराखालून आत सरकवलं, बेल न वाजवता. आता तो खाली फाटकाशी उभा आहे. ऐकताना काका एकदा जरी म्हणाले असतील की कबूल केलं हे बरं केलं, तर बाल्कनीतल्या दोरीवर टॉवेल टाक. तो दिसला की दादा वर येईल.

नसतील म्हणाले, तरी टाक.